पिशवीला रबर आहे, नंबर नाही: पशुसंवर्धन आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
पशुसंवर्धन आयुक्तालय, स्पायसर कॉलेजसमोर, औंध, पुणे

(वैध मापनशास्त्रवाले, म्हणजे वजन-मापं तपासणारे, आणि अन्न व औषध प्रशासनवाले, तुम्ही पण वाचा, तुमचाही विषय आहे यात)

स.न.वि.वि.

साहेब, कुत्र्याच्या सुट्या विकल्या जाणाऱ्या खाद्यावर ना कंपनी असते ना बॅच, त्याबद्दल हे पत्र. अर्ज लिहायची सवय नाही त्यामुळे बोलतो तसंच लिहितोय, भाषा सांभाळून घ्या. मी धनकवडीत राहतो. फरसाणच्या कारखान्यात पॅकिंग बघतो, बारा वर्षं झाली. शेव, भावनगरी, मसाला दाणे हे सगळं पुड्यांत भरून सील होऊन बाहेर पडताना प्रत्येक पुडीवर बॅच नंबर, तारीख, एमआरपी नीट उमटलीय का ते बघणं हे माझं काम. ५ रुपयांची शेवेची पुडी असली तरी तिच्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर असतो, आणि बॅच नंबर पुसट आला तर आम्ही मशीन थांबवतो, मालक समोर उभा असला तरी थांबवतो. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे माझी जी चिडचिड दिसेल ती सगळी यातूनच आलीय.

आमच्याकडे बुंदी आहे. गावठी कुत्री, चार वर्षांची, अंगभर पिवळट ठिपके म्हणून मुलीने नाव ठेवलं बुंदी. (फरसाणवाल्याच्या घरात दुसरं काय नाव येणार.) सकाळी पोळी-भाजीतलं काहीतरी आणि संध्याकाळी ड्राय फूडचे दाणे असं तिचं रूटीन. २० किलोचं पोतं एकदम घेणं आम्हाला परवडत नाही आणि ठेवायला जागाही नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या पेट शॉपमधून सुटं आणायचो. पुण्यात अर्धी जनता सुटंच आणते. दुकानात पोतं फोडून ठेवलेलं असतं, त्यात एक प्लॅस्टिकचा मग खुपसलेला, आणि काउंटरच्या मागे एक एक किलोच्या पारदर्शक पिशव्या आधीच भरून ठेवलेल्या, तोंडाला रबर. १९० रुपये किलो. पिशवीवर काही म्हणजे काहीच नाही. कंपनी नाही, तारीख नाही, कधी मूड असला तर मार्करने १ लिहिलेला.

गेल्या श्रावणात एका बुधवारी बुंदीने वाटीतले दाणे तसेच ठेवले. आम्हाला वाटलं पावसाळा आहे, नाटकं करतेय. गुरुवारी पिवळं ओकली, दोनदा. शुक्रवारी सकाळी मुलगी म्हणाली बाबा हिचे डोळे हळदीसारखे दिसतायत, आणि मी ओठ वर करून बघितला तर हिरड्या पण तशाच. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासलं, एसजीपीटी (लिव्हर बिघडलं की वाढतो तो आकडा) एवढा वर की डॉक्टरांनी रिपोर्ट परत एकदा बघितला. पावसाळ्यात कुत्र्याला कावीळ म्हटलं की आधी लेप्टो बघतात, उंदरांमुळे होतो तो, मग गोचीड ताप बघतात. दोन्ही निगेटिव्ह आले. मग डॉक्टर म्हणाले लिव्हरवर काहीतरी विषारी गेलेलं दिसतंय, खाण्यातून असू शकतं, काय खाते ही, कुठल्या कंपनीचं, बॅच कुठला?

आणि मी, ज्याचं पोट बॅच नंबरवर चालतं, मी खिशातून ती रबर लावलेली पिशवी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टर काही बोलले नाहीत. पिशवी उलटसुलट करून बघितली आणि बाजूला सरकवली.

बुंदी वाचली. तीन दिवस सलाईन, महिनाभर लिव्हरच्या गोळ्या, उकडलेलं चिकन आणि भात. तो काय खर्च झाला त्याचं रडगाणं गात नाही. मागच्या गल्लीतलं एक लॅबचं पिल्लू त्याच आठवड्यात गेलं, ते याच दुकानातलं खायचं का हे मला माहीत नाही, त्यांना दुःखात जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. आणि एक गोष्ट अगदी सरळ सांगतो, बुंदीला त्या दाण्यांनीच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. नाल्याकडेला काही खाल्लं असेल, कुणी काही टाकलं असेल. पण सिद्ध करायचं असतं तरी कशाच्या जोरावर करणार होतो?

दुकानात गेलो तर तो पोरगा म्हणाला, काका ते पोतं संपलं, रिकामं पोतं भंगारवाला घेऊन गेला, आता दुसरं फोडलंय. कुठल्या कंपनीचं होतं विचारलं तर म्हणाला दोन-तीन येतात, बुधवारी कुठलं चालू होतं आठवत नाही. खोटं बोलत नव्हता तो, खरंच आठवत नव्हतं त्याला. अख्खं पोतं नको म्हणून आपणच सुटं मागतो, आणि तो आपल्या सोयीने देतो, त्यात त्या पोराला काय बोलणार.

मग फोनाफोनी. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, कुणाला तोंडघशी पाडायचं नाहीये. पहिल्या ठिकाणी एक बाई नीट बोलल्या, म्हणाल्या माणसाने खाल्लं असतं तर आम्ही सॅम्पल घेतलं असतं, कुत्र्याचं आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले जनावर आजारी असेल तर दवाखान्यात घेऊन या, खाद्याची तक्रार कुठे करायची ते बघून सांगतो, नंबर द्या. दिला. तिसऱ्या ठिकाणी पहिला प्रश्न, बिल आहे का. सुट्या मालाचं बिल पुण्यात कोण देतं हो? कोणी उर्मटपणा केला नाही, एका ठिकाणी तर चहा पण विचारला, पण दार कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या बाईंचं बरोबर होतं हे मला नंतर कळलं. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याच्या कलम ३ मध्ये अन्न म्हणजे काय ते लिहिलंय आणि तिथेच लिहिलंय की पशुखाद्य त्यात धरायचं नाही. म्हणजे ज्या १४ आकडी नंबरासाठी आम्ही मशीन थांबवतो तो कुत्र्याच्या पाकिटाला लागूच नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक आहे, नाही असं नाही, पण ते ऐच्छिक, पाळलं तर पाळलं. पेट शॉपचे २०१८ चे नियम आहेत ते जिवंत प्राणी विकणाऱ्यांसाठी. बाहेरून जे खाद्य येतं त्याला निदान इम्पोर्ट परमिट लागतं. इथे बनलेल्याला, आणि इथेच पोत्यातून मगाने काढून विकलेल्याला, बघणारं कोण? टॅक्स मात्र बरोबर पोचतो, गुरांच्या खाद्याला जीएसटी शून्य आणि कुत्र्या-मांजरांच्या पॅकबंद खाद्याला १८ टक्के.

आता गुरांचं नाव निघालंच आहे तर तेही बोलतो, कारण माझी खरी खदखद तिथे आहे. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभर दुधाचा सर्व्हे केला, ६,४३२ नमुने घेतले, त्यातल्या ५.७ टक्के नमुन्यांमध्ये अफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे बुरशीपासून येणारं विष, मर्यादेच्या वर निघालं. हे दुधात कुठून येतं तर गायी-म्हशीने बुरशी लागलेलं खाद्य खाल्लं की येतं. झालं, धावपळ. जानेवारी २०२० मध्ये आदेश निघाला की दुधा-मांसाच्या जनावरांचं खाद्य बीआयएसच्या मानकाप्रमाणे पाहिजे. पुढे त्याच्या तारखा सरकत गेल्या ते सोडा, पण निदान कुणाला तरी वाटलं की म्हशीच्या घमेल्यात काय पडतंय ते बघावं. का वाटलं? कारण ते आपल्या चहात येतंय. बुंदी दूध देत नाही. बुंदीला कोणी खात नाही. तिच्या वाटीत पडलेलं तिच्याच लिव्हरमध्ये राहतं, तिथून पुढे आपल्या ताटापर्यंत येत नाही, म्हणून ते कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

अफ्लाटॉक्सिन माझ्या ओळखीचं आहे साहेब, पुस्तकातून नाही, शेंगदाण्यातून. आमच्याकडे मसाला दाण्यासाठी मार्केट यार्डातून गाड्या येतात. पोत्यात परखी घालून मूठभर दाणे काढायचे, दोन दोन पाकळ्या उघडून बघायच्या. चांगला दाणा आतून पांढराशुभ्र. खराब दाण्याच्या दोन पाकळ्यांच्या मधे हिरवट-करडी बुरशी बसलेली असते, वास कुबट, चावला तर कडू, दिवसभर तोंडातून जात नाही. सॅम्पल लॅबला जातं आणि फेल आलं की गाडी परत. त्यातली मेख अशी की हे विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, कोपऱ्यात एखादा ओला झालेला गठ्ठा असतो आणि तिथे ठासून भरलेलं असतं, म्हणून एका ठिकाणची मूठ बघून पास करायचं नाही. आणि भाजून-तळून ते पूर्ण जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. कुत्र्याचे दाणे पण मशीनमधून चांगले शंभर डिग्रीच्या वर शिजून फुगून येतात, त्याने जंतू मरतील, पण मका आधीच बिघडलेला असला तर शिजवून सुधारत नाही.

तर एकदा अशीच एक गाडी परत लावली, पाऊस पडत होता, व्यापारी आणि मी शेडमध्ये उभे होतो, मी सहज विचारलं की शेठ हा माल आता कुठे जाणार? तो हसला. म्हणाला, अहो कुठे जाणार, पेंडीला जाईल, खाद्याला जाईल, जनावर काय बोलतंय.

तेव्हा मी पण हसलो होतो. बुंदीचे डोळे पिवळे झाले त्या दिवशी ते हसणं आठवलं.

कुत्र्यांचं काय एवढं म्हणणारे असतातच, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात काविळीची साथ आली, अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला होता, १०६ माणसं गेली. आणि त्या घरांमधली कुत्री पण तशीच, कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन मेली, कारण भाकरी तीच. दुसरी गोष्ट २००७ ची, अमेरिकेतली. मेन्यू फूड्स म्हणून कॅनडाची कंपनी, वेगवेगळ्या ब्रँडसाठी एकाच ठिकाणी माल बनवायची, तिने ६ कोटींच्या वर डबे-पाऊच परत मागवले, कारण मांजरं-कुत्री किडन्या बंद पडून मरायला लागली. चीनमधून आलेल्या व्हीट ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हाच्या प्रोटीनमध्ये, मेलामाइन होतं. मेलामाइन म्हणजे प्लॅस्टिकच्या ताटल्या बनतात ते. ते घालायचं कारण असं की प्रोटीनची टेस्ट प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला, त्यामुळे कागदावर प्रोटीन भरपूर दिसतं. पाकिटावर क्रूड प्रोटीन इतके टक्के असं लिहिलेलं असतं ना, त्यातला क्रूड म्हणजे हाच हिशेब. पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरमध्ये निघालं, जवळजवळ ३ लाख बाळं आजारी, ६ गेली.

पण मला २००७ मधलं सगळ्यात काय लागलं सांगू, विष नाही, ते ६ कोटी डबे. परत मागवता आले! कुठल्या तारखेचा, कुठल्या लाइनचा माल ते त्यांना माहीत होतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये पण तिकडे मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने कुत्री दगावली, ११० च्या वर गेली असं त्यांच्या एफडीएने सांगितलं, आणि पाकिटावरच्या तारखेवरून लोकांना घरातलं पोतं तपासून बघता आलं. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाहीच, तिथेही कुत्री मेल्यावरच कळलं. पण तिकडे मर्यादा ठरलेली आहे, २० पीपीबी, म्हणजे अब्जात २० भाग, आणि त्याच्या वर गेलं की माल ओढायचा. आम्ही फरसाणवाले वर्षातून एकदा खोटं खोटं रिकॉल करून बघतो, एखादा बॅच नंबर घ्यायचा आणि तो माल कुठल्या कुठल्या डीलरकडे गेला ते त्याच दिवशी शोधून दाखवायचं. शेवेसाठी करतो आम्ही हे! उद्या खरंच एखादा कंपनीवाला प्रामाणिकपणे म्हणाला की आमचा अमुक बॅच खराब आहे, वापरू नका, तर धनकवडीतल्या रबरवाल्या पिशव्यांपर्यंत ते कसं पोचणार?

आता काही लोक म्हणणार की पाकीट कशाला, आमच्या आज्जीने दूध-पोळीवर कुत्री वाढवली. वाढवली ना, पण ती कुत्री दिवसभर गावभर फिरून अजून काय काय खायची ते आज्जीला माहीत नव्हतं. मांजराला तर टॉरिन बाहेरून मिळावंच लागतं, ते मांसात असतं, दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचं हार्ट आणि डोळे दोन्ही जाऊ शकतात. मी पाकिटाच्या विरोधात नाहीये. कामावर जाणाऱ्या माणसाला पाकीट लागतं आणि चांगलं पाकीट घरच्या अर्धवट खाण्यापेक्षा बरं असतं, आमचे डॉक्टर पण तेच म्हणतात. आणि ते बाणेर-औंधकडे घरून डबे पाठवणारे फ्रेश फूडवाले निघालेत त्यांचंही हेच, छान डबा, छान स्टिकर, पंजाचं चित्र, आणि बनवल्याची तारीख शोधत बसा.

तर मागणी. फार मोठी नाही. कायदा बदला, दिल्लीला जा, असं म्हणत नाही, ते जेव्हा होईल तेव्हा होईल. जे आहे त्यातलंच करा. वैध मापनशास्त्रच्या २००९ च्या कायद्यात स्पष्ट आहे की गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा माल पिशवीत भरून ठेवला की तो पॅकबंद माल झाला, पिशवी सील असो की नसो. म्हणजे काउंटरमागची ती रबरवाली एक किलोची पिशवी सुटी नाहीच, पॅकबंद आहे, आणि तिच्यावर कोणी पॅक केलं, माल कधी बनला, एमआरपी काय, तक्रारीचा नंबर काय हे सगळं पाहिजे. आमच्या पुडीला ग्रॅम कमी भरलं तर इन्स्पेक्टर येतो, तोच इन्स्पेक्टर जाता जाता एकदा पेट शॉपमध्ये डोकावू दे. (यात पण एक गंमत आहे, बेस्ट बिफोरची तारीख टाकायचा नियम लिहिताना माणसाच्या खाण्यायोग्य असा शब्द वापरलाय. म्हणजे परत कुत्रं बाहेर. पण निदान बनवल्याचा महिना आणि बॅच तरी लिहा.) आणि मगाने समोर मोजून देणार असाल तर द्या बापडे, पण पोत्याचं नाव आणि बॅच चिठ्ठीवर लिहून द्या, आणि ते पोतं पावसाळ्यात महिना महिना उघडं ठेवू नका. त्या दाण्यांवर वरून तेल-चरबी मारलेली असते चवीसाठी, आमच्या शेवेला जसा खवटपणा येतो तसाच तिला येतो, आणि वर पुण्याची जुलैची हवा.

तुमच्याकडे, म्हणजे पशुसंवर्धनकडे, माझं एकच मागणं आहे. एक फोन नंबर द्या. औंधला तुमच्या आवारात रोग अन्वेषण विभाग आहे, जनावरांच्या रोगाचे नमुने तिथे तपासले जातात. डॉक्टरला संशय आला की हे खाण्यातून झालंय, तर त्याने कुठे कळवायचं, पाकिटातला नमुना कुठे पाठवायचा, किती पाठवायचा, हे एका कागदावर छापून पुण्यातल्या प्रत्येक पेट क्लिनिकच्या भिंतीवर लावा. पाच डॉक्टरांनी एकाच आठवड्यात एकाच कंपनीचं नाव कळवलं तर तुम्हाला लगेच समजेल, आज ते पाच डॉक्टर आपापल्या टेबलावर एकेक पिशवी बाजूला सरकवून मोकळे होतात. महापालिका कुत्र्याचं लायसन्स काढा म्हणते, रेबीजचं सर्टिफिकेट जोडा म्हणते, काढलंय, जोडलंय. बुंदीला नंबर आहे. तिच्या जेवणाला नाही.

ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५, तिथे तक्रार करता येते हे मला माहीत आहे, जिल्हा आयोगात पण जाता येतं. पण तिथे गेलो तरी पहिला प्रश्न तोच येणार, कुठल्या कंपनीचं.

आता मी सुटं आणत नाही. शेजारच्या दोन घरांना पटवलं, तिघांत मिळून १० किलोचं बंद पोतं आणतो, त्यांच्यासमोर फोडतो, दाणे पोत्यासकट डब्यात ठेवतो आणि बॅच नंबरचा कोपरा पोतं संपलं तरी फेकत नाही, कापून फ्रिजवर लावतो. बायको म्हणते फ्रिज आहे का कारखान्याचा नोटीस बोर्ड. या वेळच्या पोत्याचा कोपरा आत्ता समोर आहे माझ्या. छापताना फिल्मला तेलाचा हात लागलेला असणार, शाई धरलीच नाही, शेवटचा आकडा ३ आहे की ८ आहे ते चष्मा लावूनही कळत नाही. आमच्याकडे असं आलं असतं तर मी मशीन थांबवलं असतं. कंपनीला फोटो पाठवून आठ दिवस झाले, उत्तर नाही. तुमच्याकडे कोणाला वाचता येत असेल तर सांगा, गुरुवारी माझी सुट्टी असते, घेऊन येतो औंधला.

आपला,
बुंदीचा बाबा
धनकवडी, पुणे